मेगर चांगला आलाय, मग ट्रिप झालेला ट्रान्सफॉर्मर चार्ज करून बघायला काय हरकत आहे?

तुम्ही लिहिलंय की 33 केव्ही फीडरवर सबस्टेशनच्या अगदी जवळ फॉल्ट झाला, 132/33 केव्हीचा 25 एमव्हीए ट्रान्सफॉर्मर डिफरेन्शियल रिलेवर (दोन्ही बाजूंच्या करंटची तुलना करून आतला फॉल्ट ओळखणारा रिले) ट्रिप झाला, मेगर (इन्सुलेशनची टेस्ट) चांगला येतोय आणि ‘एकदा चार्ज करून (सप्लाय देऊन) बघा’ असा वरून आग्रह आहे. कृपा करून तसं करू नका. मी टेस्टिंगमध्येच काम करतो, त्यामुळे तुमच्यावरचा दबाव मला कळतो. पण आत वेढे शॉर्ट असतील तर आज वाइंडिंग बदलून वाचू शकणारा ट्रान्सफॉर्मर चार्ज केल्यावर टाकीसकट जाईल, आणि यार्डात माणसं असतात.

मुळात सीटीच्या (रिलेला करंट मोजून देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या) बाहेरच्या फॉल्टला डिफरेन्शियल रिले ऑपरेट व्हायलाच नको. झाला, म्हणजे एकतर सीटीची गडबड आहे, नाहीतर आत खरंच काही झालंय.

मेगर तपासतो ते वाइंडिंग आणि अर्थ यांच्यातलं, आणि दोन वाइंडिंगमधलं इन्सुलेशन. एकाच कॉइलचे शेजारचे दोन वेढे आपसात चिकटले तर मेगरला पत्ताही लागत नाही. वाइंडिंग जागचं हललं तरी तेच. इम्पिडन्स (ट्रान्सफॉर्मरचा करंटला होणारा आतला विरोध) 12 टक्के धरला, तर जवळच्या फॉल्टला फुल लोडच्या सुमारे 8 पटीपर्यंत करंट जातो. बल करंटच्या वर्गाने वाढतं, म्हणजे 60 पटींच्याही वर. आतलं वाइंडिंग कोअरकडे दाबलं जातं, बाहेरचं बाहेर ताणलं जातं.

आधी बुखोल्झमध्ये (टाकीतून येणारा गॅस पकडणारा रिले) गॅस साठलाय का बघा, असेल तर नमुना घ्या आणि तेल डीजीएला (तेलात विरघळलेल्या वायूंच्या तपासणीला) पाठवा. ॲसिटिलीन दिसलं तर आत आर्किंग झालंय असं समजा.

रिपोर्ट येईपर्यंत मॅग्नेटिक बॅलन्स टेस्ट करा. तुमचा स्टार-स्टार असेल तर सोपं आहे. एचव्हीच्या आर फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट द्या, वाय आणि बी वर मोजा. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये साधारण 200 आणि 30 येतात, बेरीज दिलेल्या व्होल्टेजइतकी. मधल्या वाय फेजला दिलं तर दोन्हीकडे जवळपास निम्मं-निम्मं. ज्या लिम्बवर (कोअरच्या खांबावर) वेढे शॉर्ट असतील तिथलं व्होल्टेज कोसळतं, आणि त्याच फेजला सप्लाय दिला तर मॅग्नेटायझिंग करंट (कोअर चुंबकित करायला लागणारा करंट) बाकीच्यांच्या कितीतरी पट जातो. साध्या मीटरवर होणारी टेस्ट आहे, पण वेढे शॉर्ट असतील तर हीच सगळ्यात आधी बोलते. एक पथ्य पाळा: डीसी वाइंडिंग रेझिस्टन्स सगळ्यात शेवटी घ्या. डीसीमुळे कोअरमध्ये चुंबकत्व उरतं आणि हे आकडे फसवे येतात.

मग शॉर्ट सर्किट इम्पिडन्स. 33 ची बाजू जाड, आखूड लिंकने शॉर्ट करा, 132 च्या बाजूला थ्री फेज 415 व्होल्ट द्या. 12 टक्क्यांना 132 च्या बाजूला 2.86 ॲम्पिअरच्या आसपास यायला हवेत. इम्पिडन्स 3 टक्क्यांनी वाढला तर हाच आकडा 2.78 होतो. चांगलं आणि संशयास्पद यांत एवढंच अंतर असतं, म्हणून यार्डातल्या क्लॅम्प मीटरवर विसंबू नका आणि त्या क्षणाचं प्रत्यक्ष व्होल्टेज लिहून घ्या. नेमप्लेटवरचा इम्पिडन्स ज्या टॅपचा (वेढे कमी-जास्त करून व्होल्टेज जुळवायच्या स्थितीचा) आहे त्याच टॅपवर मोजा. 2 टक्क्यांच्या वर फरक दिसला, किंवा एकच फेज वेगळी गेली, तर वाइंडिंगचा आकार बिघडल्याचा मला दाट संशय येईल.

त्याची खातरजमा एसएफआरएने (स्वीप फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स ॲनालिसिस) होते. साधारण 20 हर्ट्झपासून 2 मेगाहर्ट्झपर्यंत छोटा सिग्नल देऊन प्रतिसादाचा ग्राफ काढतात. कारखान्यातला किंवा कमिशनिंगचा ग्राफ शोधून काढा, त्याच्याशिवाय निदान अर्धवटच राहतं. तो नसेल तर त्याच मेकच्या, त्याच डिझाइनच्या जोडीदार ट्रान्सफॉर्मरचा चालेल. टॅप तोच, तेलाची पातळी तीच, अर्थिंगची वेणी बुशिंगला तशीच ताणलेली हवी. फक्त सुरुवातीच्या 2 किलोहर्ट्झपर्यंतच फरक असेल तर आधी कोअर डीमॅग्नेटाइझ करून पुन्हा घ्या. 20 किलोहर्ट्झच्या पुढे शिखरं सरकली असतील तर मात्र ट्रान्सफॉर्मर उघडायची तयारी ठेवा.

यात काहीच सापडलं नाही, वेढ्यांचा रेशो आणि वाइंडिंग रेझिस्टन्सही जुळले, तर सीटी आणि रिले तपासा, मग 132 च्या बाजूने नो लोडवर चार्ज करा. दुसऱ्या दिवशी तेलाचा नमुना पुन्हा पाठवा.