सांध्याशेजारचा तडा
तुम्ही वाळूजला नव्याने रुजू झाला आहात, म्हणून सांगतो: ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या नळीवर वेल्डच्या कडेला फांद्याफांद्यांनी पसरलेला, केसाएवढा बारीक तडा दिसला, तर लगेच वेल्डरला दोष देऊ नका. वेल्ड थंड होताना आकसतो, शेजारचा धातू त्याला आकसू देत नाही; तिथे अडकलेला ताण, बोअरच्या पाण्यातील क्लोराइड आणि साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता एकत्र आली की चकचकीत नळीही चिरत जाते. (भांड्यावरच्या पांढऱ्या थरावरून क्लोराइड कळत नाही; पाणी प्रयोगशाळेतूनच तपासून घ्यावे.) ताण घालवण्यासाठी ३०४ला ६५० अंशांवर तापवण्याचा मोह टाळा, कारण त्याने धातूच्या कणांच्या सीमांवरील, गंज रोखणारे क्रोमियम घटते; त्याऐवजी १०४० अंशांपुढे नेऊन झटपट थंड करणे जमत नसेल, तर ड्युप्लेक्स (अशा तड्यांना जास्त दाद न देणारे, दोन प्रकारच्या कणरचनेचे स्टेनलेस स्टील) नळीच मागवावी.