फिफाच्या अल्टिमेट टीममध्ये कार्डांच्या किमतीचा ग्राफ कसा वाचायचा? खाली आला की घ्यायचं, वर गेला की विकायचं, एवढंच ना?

एवढंच नाही. (नवख्यांसाठी: फिफा हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम. त्यातल्या अल्टिमेट टीममध्ये खेळाडूंची कार्डं गेममधल्या कॉइननं घ्यायची-विकायची आणि आपली टीम बांधायची.) ह्याच समजुतीपायी आमच्या घरात दोघा भावांचं वाजलं आणि ते अजून मिटलेलं नाही, म्हणून हा प्रश्न बघून गप्प बसवलं नाही.

गोष्ट फिफा २० ची, फेब्रुवारी २०२० मधली. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं घर, घरात एकच पीएस४ आणि अकाउंटही एकच. दादा खेळायचा, खरेदी-विक्री मी बघायचो. वीकेंड लीगच्या, म्हणजे गेममधल्या आठवडाअखेरच्या स्पर्धेच्या, तीस मॅच तो तीन दिवसांत संपवायचा. मला तेवढा खेळ जमत नाही, पण बाजार जमतो. डिफेन्सला आम्ही एक वेगानं पळणारा, गोल्ड कार्डाचा सेंटर बॅक घेतला होता, १,५८,००० कॉइनला, सोमवारी सकाळी. शुक्रवारी त्याचाच दर १,८५,००० झाला. मी विकला नाही, कारण दादाला वीकेंडला तो लागणार होता. मॅच झाल्या की चार दिवस ठेवायचा आणि पुढच्या गुरुवारी रात्री काढायचा, असं माझं ठरलं होतं.

रविवारी संध्याकाळी मी शाहू स्टेडियमला मॅचला गेलो. तिथं सीझनमध्ये जी गर्दी असते त्यात फोन खिशातून काढायची सोय नसते. घरी आलो तर दादा सोफ्यावर निवांत. म्हणाला, "सगळं कोसळायलंय. सेंटर बॅक काढून टाकला, १,६२,००० ला. थोडक्यात वाचलो." मी त्याचा फोन घेऊन बघितलं. त्याच्यासमोर फक्त 'आज'चा ग्राफ उघडा होता, तासातासाचा. दुपारपासून रेघ तिरकी खाली येत होती. नुसती तेवढी बघितली तर कुणालाही वाटेल की आता तळ नाही. मी रोजच्या ग्राफवर गेलो आणि चार आठवडे मागं सरकवलं. चार रविवार, चार खड्डे. दर रविवारी संध्याकाळी उतार, सोमवारी सकाळपर्यंत तळ, मग बुधवारपासून हळूहळू चढ. दादानं विकलं ते पाचव्या खड्ड्यात.

प्रत्येक विक्रीवर गेम पाच टक्के टॅक्स कापतो. १,६२,००० मधून ८,१०० गेले. हातात १,५३,९००. घेतलेल्या किमतीपेक्षाही कमी. गुरुवारी तेच कार्ड १,८४,००० ला लिस्ट होत होतं आणि विकलंही जात होतं.

आता तो खड्डा का पडतो. त्या वर्षी वीकेंड लीग ब्रिटनच्या वेळेनं शुक्रवार सकाळपासून सोमवार सकाळपर्यंत चालायची. रविवारपर्यंत बऱ्याच जणांच्या मॅच संपलेल्या असायच्या. मग लोक टीम मोडतात आणि महागडी कार्डं बाजारात टाकतात. घेणारे कमी, टाकणारे जास्त. गुरुवार-शुक्रवारी नेमकं उलट, सगळ्यांना परत टीम बांधायची असते. कार्डाचा ह्यात काडीचा दोष नाही, खेळाडू तोच, आकडे तेच.

आमचे वडील गूळ मार्केटमध्ये एका अडत दुकानात दिवाणजी होते. आमचं दोघांचं त्या रात्री चाललेलं ऐकून ते बाहेर आले, चष्मा लावून फोन हातात घेतला. पहिला प्रश्न विचारला, "हा दर सांगितलेला हाय का झालेला?" दादाला प्रश्न कळला नाही. मला कळला, आणि माझ्या दृष्टीनं ग्राफ वाचण्याचा सगळ्यात मोठा धडा तोच आहे. ग्राफवर जो आकडा दिसतो तो बाजारात त्या वेळी पडून असलेल्या सगळ्यात स्वस्त 'बाय नाऊ'चा, म्हणजे बोली न लावता लगेच घ्यायच्या किमतीचा असतो. कुणीतरी सांगितलेला दर. त्या दरानं सौदा झालाच असेल असं नाही. एका माणसानं घाईत कमी किमतीला टाकलं तरी रेघेला टोक येतं, आणि दोन मिनिटांत ते कुणीतरी उचललेलं असतं.

म्हणून ग्राफ बघून झाला की गेममध्ये जाऊन स्वतः शोधा. कमाल 'बाय नाऊ' टाका आणि कार्डं दिसेनाशी होईपर्यंत एकेक पायरी उतरवत जा. शेवटच्या पायरीवर किती कार्डं पडून आहेत ते मोजा. एकच असेल तर तो दर नव्हे. पंधरा-वीस असतील तर तो दर. मग तासाभरासाठी लिस्ट झालेली, ५९ मिनिटं शिल्लक असलेली ताजी कार्डं बघा, नवीन विकणारा काय मागतोय ते तिथं कळतं. आता काही साइटवर झालेल्या विक्रीची यादीही दिसते. ती असेल तर रेघेआधी ती बघा.

वडिलांचा दुसरा प्रश्न, "आवक कुठनं येतीया?" गुळाच्या बाजारात आवक बघितल्याशिवाय दरावर कुणी बोलत नाही. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघतो, मग गुऱ्हाळं जोरात लागतात, तीस-तीस किलोचे रवे गाड्या भरून येतात, आणि गुजरातची मागणी किती यावर भाव ठरतो. आज शंभर रुपये उतरला म्हणून घाबरून माल काढणारा शेतकरी वडिलांनी जन्मभर बघितला. ते अशा माणसाला चहा पाजून बसवून ठेवायचे.

फिफात आवक म्हणजे पॅक, कार्डांची बंद पाकिटं. लोक पॅक ज्या दिवशी फोडतात त्या दिवशी माल येतो. बक्षिसं मिळायचा दिवस, नोव्हेंबरातला ब्लॅक फ्रायडे, जानेवारीतली टीम ऑफ द इयर, एप्रिल-मेमधली टीम ऑफ द सीझन (ह्या दोन्ही वेळी खास कार्डं येतात). ह्या तारखा रोजच्या ग्राफवर बोट ठेवून शोधा, प्रत्येक ठिकाणी रेघ वाकलेली दिसेल. आणि नवीन गोष्टी ब्रिटनच्या संध्याकाळी सहाला येतात, म्हणजे आपल्याकडं हिवाळ्यात रात्री साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा. तासाच्या ग्राफवर झटका असेल तर आधी घड्याळ बघा. त्याच वेळचा असेल तर बहुतेक नवीन एसबीसी (ठरावीक कार्डं गेमला देऊन बक्षीस मिळवायचं आव्हान) आलेलं असतं. ८४ ते ८८ रेटिंगची, मैदानात कुणी उतरवत नाही अशी कार्डं अर्ध्या तासात वर जातात ती ह्याच्यामुळं, आणि एसबीसी संपलं की परत खाली.

रेघ एकदम सपाट झाली तर ती स्थिर किंमत समजू नका. २०१५ पासून प्रत्येक कार्डाला किमान-कमाल मर्यादा आहे. वर सपाट म्हणजे माल संपलाय, खाली सपाट म्हणजे कुणाला नकोय. करवतीसारखी दातेरी रेघ म्हणजे बाजारात मोजकीच कार्डं आहेत. त्यात नवख्यानं शिरू नये. यूट्यूबवर कुणीतरी 'हे घ्या' म्हटल्यावर उभी चढलेली रेघ तर बघूच नका. तुम्ही बघेपर्यंत सांगणाऱ्यानं विकलेलं असतं.

आता दादा. मार्चअखेर लॉकडाऊन लागला, दोघं घरात कोंडलेले, आणि रोज जेवताना हाच विषय. त्याचं म्हणणं, "एप्रिलमध्ये ते कार्ड निम्म्यावर आलंच की. मी आधी विकलं, म्हणजे मीच बरोबर." हे तो आजही पाहुण्यांसमोर सांगतो, म्हणून इथं स्पष्ट लिहितो. एप्रिलमध्ये ते उतरणारच होतं. ह्या खेळात सप्टेंबरला गेम आल्यापासून साधी गोल्ड कार्डं वर्षभर उतरतच जातात, कारण दर महिन्याला त्यांच्यापेक्षा भारी कार्डं येतात. हा उतार मलाही माहीत होता. पण तो महिन्यांचा उतार होता, आणि दादानं विकलं ते एका संध्याकाळच्या खड्ड्यात. चार दिवस थांबला असता तर १,८४,००० ला विकून, टॅक्स जाऊन १,७४,८०० हातात आले असते. २०,९०० चा फरक. एप्रिलचा दाखला देऊन रविवारची चूक झाकता येत नाही. "तेव्हा कुणाला माहीत होतं?" असंही तो म्हणतो. ग्राफला माहीत होतं. 'आज'वरून 'रोज'वर एकदा बोट दाबायचं होतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर. खाली आला की घ्यायचं का, तर आवक वाढून आला असेल आणि मागणी परत येणार असेल तर घ्या. त्याच जागेवर त्याहून चांगलं कार्ड आल्यामुळं उतरला असेल तर हात लावू नका, तो परत चढत नाही. आणि विकत घेतानाच पाच टक्के धरून हिशेब करा. १,५८,००० ला घेतलेलं कार्ड १,६६,००० ला विकलं तरी तोटाच आहे, ३०० कॉइनचा.

हे सगळं जुन्या वेळापत्रकावर बेतलेलं आहे हे लक्षात असू द्या. २०२३ पासून गेमचं नावच ईए स्पोर्ट्स एफसी झालं, आणि वीकेंड लीगचे, बक्षिसांचे वार मधल्या काळात बदलत आलेत. तुमच्या गेममधले वार तुम्हीच वहीत लिहून काढा, दोन आठवडे पुरतात. पीसीचा बाजार कन्सोलपेक्षा वेगळा आहे, तेव्हा ग्राफ बघताना आपला प्लॅटफॉर्म निवडलाय ना ते बघा. खरे पैसे देऊन बाहेरून कॉइन घेऊ नका, नियमात बसत नाही आणि अकाउंट जातं.

त्या रविवारी रात्री काढलेला स्क्रीनशॉट माझ्याकडं अजून आहे. चार खड्डे आणि पाचवा अर्धा. दिवाळीला दादा पुण्याहून आला होता, तेव्हा वडिलांनीच तो मागून घेतला, चष्मा लावून परत बघितला आणि फोन माझ्याऐवजी दादाच्या हातात दिला.