दोन वेंडर, एकच टाकी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या शेडवर चहा घेताना तू म्हणालीस, "काका, ऑक्सिजनला दोन वेंडर लावलेत, आता काळजी नाही." ग्राइंडरच्या आवाजात बोलणं जमेना, म्हणून गप्प बसलो. आता निवांत लिहितो.

2021च्या एप्रिलपर्यंत गॅस कटिंगच्या ऑक्सिजनला माझेही दोन वेंडर होते. एक भोसरीतला, एक चाकणचा. दोघांना एकमेकांचे भाव सांगून दर पाडून घ्यायचो आणि स्वतःला मोठा हुशार समजायचो. मग कोरोनाची दुसरी लाट आली आणि 22 एप्रिलपासून मोजके उद्योग सोडून कारखान्यांचा ऑक्सिजन बंद झाला. बंद झाला ते योग्यच झालं. बाहेर माणसं श्वासासाठी तडफडत होती. अँगल कापायला सिलिंडर मी कोणत्या तोंडाने मागणार? माझ्याकडचे रिकामेही मागितले, तेही दिले. साफ करून, तपासून, काळ्या सिलिंडरची मान पांढरी रंगवून ते दवाखान्यांकडे गेले.

ते न्यायला आलेला टेम्पोवाला जाता जाता बोलून गेला, "साहेब, दोघांचा माल एकाच प्लांटवर भरतो की." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं नळ दोन बसवले होते आणि टाकी एकच! सरकारी बंदी सोड, त्या प्लांटचा कॉम्प्रेसर आठवडाभर बिघडला असता तरी माझी शेड बसली असती.

म्हणून आधी दोन्ही वेंडरांना विचार, माल भरता कुठे? पत्र्याच्या व्यापाऱ्यालाही विचार, कुठल्या गोडाउनमधून उचलता? सरळ उत्तर मिळालं नाही, तर ड्रायव्हरला चहा पाज. त्याला सगळं ठाऊक असतं.

अर्थात बंदीत चार प्लांट असते तरी उपयोग नव्हता. तिथे हाताशी आली ती कापायची दुसरी रीत. शेजाऱ्याकडे विजेवर कापणारा प्लाझ्मा कटर धूळ खात पडला होता. त्याला ऑक्सिजन लागत नाही, कॉम्प्रेसरची साधी हवा पुरते. पातळ पत्रा त्यावर घेतला. अँगल, चॅनल बँडसॉवर, म्हणजे पट्ट्याच्या करवतीवर. वेळ तिप्पट लागला, पण काम हललं. जाड प्लेटचं मात्र काही जमेना. त्या पार्टीला फोन करून खरं सांगितलं, तारीख मागून घेतली. दुसऱ्या एकाला 'उद्या देतो, परवा देतो' करत बसलो. तो गेला तो गेलाच.

'पुरवठा साखळी' हा शब्द मी लॉकडाऊनमध्ये कुठल्याशा वेबिनारमध्ये पहिल्यांदा ऐकला. सांगणारा मोठ्या कंपनीतला होता, स्टॉक ठेवूच नका म्हणाला. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना ते परवडतं, कारण त्यांचा स्टॉक आपण सांभाळतो! तू सगळं भरून ठेवू नकोस, पैसा अडकेल. पण सीओटू वेल्डिंगची कॉन्टॅक्ट टिप, नोझल, कटिंग व्हील, बँडसॉचं ब्लेड, असल्या किरकोळ वस्तू दोन महिन्यांच्या ठेव. जॉब अडतो तो बहुधा अशाच एखाद्या चिल्लर वस्तूपायी.

माणसांचं तू काहीच बोलली नाहीस. 24 मार्च 2020च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी पाडवा. नवीन वेल्डिंग मशीन मुहूर्तावर सुरू करायचं होतं. हार आणलेला, शेडला कुलूप. मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुटल्या आणि माझे तीन वेल्डर उत्तर प्रदेशात गेले. दोघांना मी दर आठवड्याला फोन करायचो, जमेल तसे पैसे पाठवायचो. ते दोघे परतले. तिसऱ्याचा नंबर बदलला होता, गावाचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. प्लेटला वेल्डिंग करताना त्याचा हात जराही हलायचा नाही. असा हात पुन्हा मिळाला नाही. तुझ्या पोरांच्या घरचे नंबर आजच लिहून घे.

पैशाचं थोडक्यात. माझ्या मोठ्या गिऱ्हाइकाने तेव्हा 5 महिने बिल दाबून ठेवलं. आपल्यासारख्या लहान उद्योगांसाठी कायदा 2006चा आहे, लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर उधारी नाही, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. पण ज्याच्यावर निम्मा धंदा चालतो, त्याच्यावर केस कोण करतो? म्हणून एका पार्टीवर निम्मा धंदा जाऊ देऊ नकोस. बिलावर उद्यम नंबर, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, मात्र छाप. एप्रिल 2024पासून आपल्यासारख्यांचं बिल मुदतीत दिलं नाही आणि वर्षअखेरीलाही थकलेलं राहिलं, तर त्यांना तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. त्यांचे अकाउंटवाले याला दचकतात.

गुरुवारी सुट्टी आहे. मी बँडसॉला ब्लेड चढवणार आहे, सकाळी ये. आणि येताना त्या दोन वेंडरांची उत्तरं घेऊन ये.

तुझा,
शेजारच्या शेडमधला काका