विद्यापीठातले विद्यार्थी ऑनलाइन शिक्षणात ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी (एआर, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या जागेवर आभासी वस्तू दाखवणारं तंत्र) स्वीकारायला तयार आहेत का?

तयार आहेत. एवढं ठासून सांगते, कारण २०२०मध्ये आमचे एक सर ऑनलाइन तासाला सगळ्यांदेखत म्हणाले होते, "गावाकडच्या मुलांना नवीन काही नकोच असतं."

मी तेव्हा बी.एस्सी.ला, प्राणिशास्त्र. घर दापोली तालुक्यात. ३ जूनच्या निसर्ग वादळात कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या, नंतरही वीज आली तरी टिकत नव्हती. त्यात सरांनी हृदयाचं एआर अ‍ॅप घ्यायला सांगितलं. माझ्या स्वस्तातल्या फोनला जायरोस्कोपच, म्हणजे फोन कसा वळतो ते ओळखणारा सेन्सरच नाही, अ‍ॅप चालेना. गणपतीला आलेल्या आतेभावाचं विलगीकरण संपल्यावर त्याचा फोन मागून घेतला. घरात मिणमिणत्या उजेडात सारवलेल्या जमिनीवर धरला, तर हृदय एका जागी ठरेना. कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि जमिनीवर ओळखता येतील अशा खुणा लागतात. मग सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर गेले, नाहीतरी रेंज तिथेच मिळायची. जांभ्याच्या खडबडीत कातळावर हृदय झटकन बसलं. मी त्याच्याभोवती फिरून बघितलं. डाव्या व्हेंट्रिकलची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याची भिंत उजवीपेक्षा केवढी जाड असते, ते आकृत्या काढकाढून कळलं नव्हतं, ते तिथे कळलं. पावसाची सर आली तेव्हा फोन ओढणीत गुंडाळून पळत घरी आले. आणि म्हणे नकोच असतं!

लोक नवं तंत्रज्ञान स्वीकारतील का, हे अभ्यासक मोजतात ते बहुधा डेव्हिस या संशोधकाच्या १९८९च्या प्रारूपाने: उपयोगी वाटतं का, सोपं वाटतं का. उपयोगाला मी पैकीच्या पैकी दिले असते. व्यंकटेश आणि सहकाऱ्यांच्या २००३च्या प्रारूपात हाताशी असलेल्या सोयीही धरल्या आहेत. आमचं घोडं अडलं ते तिथे. तेव्हा तुम्ही प्रश्नावली काढणार असाल तर "वापराल का?"च्या आधी "तुमच्या फोनवर चालतं का?" विचारा, आणि "नाही" म्हणणाऱ्याला आळशी ठरवू नका.

हो, सगळ्याच विषयांना याची गरज नाही. माझ्या मराठीवाल्या मैत्रिणीला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. आणि तासभर फोन धरून हात भरून येतो, तेही खरं.

बोटाने फिरवता येणारं साधं त्रिमितीय हृदय कॅमेऱ्याशिवाय आमच्या फोनवरही चालत होतं. तेच वर्गाला द्या, असं मी सरांना लिहून पाठवलं होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.