नुसतं ८ ने गुणून भागत नाही

तुम्ही विचारलंय की जुन्या डीएलटी (बॅकअपसाठीच्या मॅग्नेटिक टेपचा एक प्रकार) टेप ड्राइव्हवर वेग ‘६ एमबी प्रति सेकंद’ दिलाय आणि टेलिकॉमच्या लाइनला सगळे ‘२ एमबी’ म्हणतात, तर एकाचं दुसऱ्यात कसं करायचं. खाली जोडलंय, ‘आमचे सीनियर म्हणतात अंदाजच तर काढायचाय, एवढ्याने काय फरक पडतो?’ नुसता पहिला प्रश्न असता तर मी पुढे सरकलो असतो. त्या सीनियरसाठी लिहायला बसलोय.

टेपवाले बाइटमध्ये बोलतात, टेलिकॉमवाले बिटमध्ये, आणि एका बाइटचे ८ बिट. म्हणजे ६ एमबी प्रति सेकंद हे ४८ मेगाबिट झाले, आणि २ मेगाबिटची लाइन म्हणजे जेमतेम पाव एमबी. आता फरक काय पडतो ते सांगतो.

आम्हाला एक काठोकाठ भरलेली टेप दुसऱ्या ऑफिसला ई१ लाइनवरून (हीच ती ‘२ एमबी’वाली) पाठवायची होती. ४० जीबी. (खोक्यावर ४०/८० छापलेलं असतं, त्यातले ८० हे डेटा निम्मा दाबला जाईल या आशेवरचे. आमचं कॉम्प्रेशन बंद होतं.) साहेबांनी फळ्यावर भागाकार मांडला: ४०,००० भागिले २, म्हणजे २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तास. “शुक्रवारी संध्याकाळी सातला लावा, रात्री साडेबाराला मोकळे.” मी म्हटलं, साहेब, ते २ मेगाबिट आहेत, ४८ तास लागतील. त्यावर उत्तर मिळालं, “तू फार खोलात जातोस.”

शनिवारी सकाळी नऊला स्क्रीनवर ३० टक्के दिसत होते. पलीकडे डेटा आधी डिस्कवर उतरवा असं मी सांगितलं होतं, पण साडेपाच तासांच्या कामाला कशाला, म्हणून तो थेट टेपवर लिहायला लावला होता. ६ एमबीने धावायला बनवलेल्या ड्राइव्हला सेकंदाला पाव एमबी मिळाला की तो थोडं लिहितो, थांबतो, टेप मागे घेतो, वाट बघतो, पुन्हा पुढे जातो. याला शू-शायनिंग म्हणतात. तिथल्या ऑपरेटरने फोन ड्राइव्हजवळ धरून मला ऐकवलं: घर्रर्र, खट्, शांतता, पुन्हा घर्रर्र. “हे असंच चालणार का हो?” म्हणाला. रविवारी संध्याकाळी सव्वापाचला संपलं. सव्वासेहेचाळीस तास.

सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब काय म्हणाले? “अंदाज दोघांचेही चुकले.”

माझा चुकला होता, हे खरंच आहे. ई१ म्हणजे २.०४८ मेगाबिट, प्रत्येकी ६४ किलोबिटचे ३२ टाइमस्लॉट. त्यातला शून्यावा फ्रेमिंगमध्ये (कप्पे कुठून सुरू होतात ते ओळखायच्या खुणांत) जातो, उरतात १.९८४, म्हणजे सेकंदाला २,४८,००० बाइट. इथपर्यंत मी बरोबर होतो. पण ४० जीबी मी १०२४ च्या हिशेबाने धरले. टेप बनवणारे १००० चाच जीबी धरतात, टेलिकॉमवालेही १००० नेच मोजतात. गिगापर्यंत पोचता पोचता या दोन हिशेबांत ७ टक्क्यांहून जास्त अंतर पडतं. वर टीसीपी-आयपीचे हेडर (प्रत्येक पॅकेटवरचा पत्त्याबित्त्याचा मजकूर) धरायला विसरलो, १५०० बाइटच्या प्रत्येक पॅकेटमागे ४०. एक चूक वर, एक खाली, शेवटी पावणेदोन तासांचा फरक पडला. साहेबांचा आकडा आठपटीहून जास्त चुकला. आणि दोघं एकाच रांगेत!

१०२४ साठी किबी, मेबी, गिबी ही वेगळी नावं आयईसीने (विद्युत क्षेत्रातली मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) १९९८ सालीच दिली आहेत. वापरा. ऐकायला विचित्र वाटतात, पण वाद मिटतो.

हो, आणि ८ हा आकडाही सगळीकडे चालत नाही. सिरियल पोर्टवर एका बाइटमागे स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून १० बिट जातात, म्हणून ९६०० ला ९६० बाइट. पहिल्या साटाचे (हार्ड डिस्क जोडायची पद्धत) १.५ गिगाबिट म्हणजे १५० एमबी, १८७.५ नव्हे, कारण तिथेही ८ बिटांचे १० करून पाठवतात. तुमची लाइन अनफ्रेम्ड असेल, म्हणजे शून्यावा टाइमस्लॉटही डेटालाच मिळत असेल, तर पूर्ण २.०४८ मिळतील. टी१ (ई१ चा अमेरिकन भाऊ) असेल तर १.५४४ मधले १.५३६ कामाचे. हे सगळं आधी सांगायला हवं होतं, पण असो.

५२एक्स सीडीचंही विचारलंय तुम्ही. १एक्स म्हणजे सेकंदाला ७५ सेक्टर, प्रत्येकी २०४८ बाइट. पुढचा गुणाकार करा, फक्त ५२ हा आकडा चकतीच्या बाहेरच्या कडेलाच गाठला जातो.

आणि तुमच्या सीनियरना अंदाज ईमेलवर लिहून द्यायला सांगा, एककासकट. आमच्या साहेबांचा भागाकार फळ्यावर होता आणि सोमवारी मीटिंगला बसलो तेव्हा फळा पुसलेला होता.