दोन्ही कानांनी ऐक

प्रिय मित्रा,

परवा जिन्यात भेटलास तेव्हा इअरफोन एकाच कानात होता, दुसरा गळ्याशी लोंबत होता. "काका, तुमचं ते जुनं रॉक ऐकायला घेतलंय, पण दोन मिनिटांपुढे मन लागत नाही," म्हणालास. उभ्या उभ्या काय सांगणार, म्हणून हे पत्र.

शंभर गाण्यांची यादी देत नाही. एकच गाणं घे आणि महिनाभर त्याच्यापाशी राहा. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', म्हणजे 'बांध फुटतो तेव्हा'. सात मिनिटांचं आहे.

पहिले काही दिवस फक्त ड्रम्स ऐक. इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यात हेडली ग्रेंज नावाचं जुनं घर आहे. एके काळी तिथे निराधार गोरगरिबांना ठेवायचे. हे चौघं तिथे जाऊन राहिले. जॉन बॉनमचे ड्रम्स मांडले ते जिन्याखालच्या उंच हॉलमध्ये, आणि साउंड इंजिनियर अँडी जॉन्सने दोन माइक वर जिन्यातून टांगले. म्हणून प्रत्येक ठोक्यामागे ते अख्खं घर घुमतं. देवळाच्या दगडी सभामंडपात पखवाजावर थाप पडली की हात आणि मंडप मिळून जो नाद उठतो, तो आठव. आणि ठेका बघ किती संथ! बॉनमच्या हातात वाटेल तेवढी तयारी होती, पण इथे तो ती दाखवत बसत नाही, लय धरून ठेवतो. विलंबितात ठेका न हलू देणाऱ्या तबलजीला जाणकार जी दाद देतात, तीच याला द्यायला हवी. १९८० मध्ये तो गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. बाकीच्या तिघांनी बँड तिथेच थांबवला. मला त्यांचा तो निर्णय आजही योग्य वाटतो.

मग या गाण्याचं मूळ ऐक. १९२७ साली अमेरिकेत मिसिसिपी नदीला महापूर आला, बांध फुटले, लाखो लोक बेघर झाले. मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅककॉय या कृष्णवर्णीय जोडप्याने १९२९ मध्ये त्यावर हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. दोन गिटार आणि मॅककॉयचा आवाज, बाकी काही नाही. चाल इतकी हलकी की पाय ताल धरतो, आणि शब्द मात्र घर वाहून गेल्याचे. झेपेलिनने इथे मिनीचं नाव श्रेयात घातलं. सगळीकडे त्यांनी तसं केलं नाही. त्यांच्या 'होल लॉटा लव्ह' या गाण्यासाठी ब्लूज गीतकार विली डिक्सनला १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं, मग तडजोड झाली आणि त्याचं नाव लागलं. आपल्या आवडत्या माणसांचं हे देणं आपण लपवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता शेवटाबद्दल. कॉलेजात मला हा अल्बम मित्राने कॅसेटवर भरून दिला होता. कॅसेटच्या त्या बाजूला आधीच दुसरी दोन गाणी होती, त्यामुळे हे गाणं चौथ्या मिनिटाला खाटकन तुटायचं. टेप संपायची आणि प्लेअरचं बटण टक् करून वर यायचं. कितीतरी वर्षं माझ्यासाठी ते गाणं तेवढंच होतं. पुढे नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा पूर्ण ऐकलं, चांगल्या हेडफोनवर, रात्री. शेवटच्या मिनिटात वाद्यं या कानातून त्या कानात फिरायला लागतात, भोवऱ्यात सापडल्यासारखी, आणि रॉबर्ट प्लांटचा आवाज तेवढा मधोमध स्थिर राहतो. पुराचं पाणी डोक्याभोवती फिरतंय असं वाटलं. गाणं संपल्यावर मी बराच वेळ हेडफोन काढला नव्हता. एका कानाने ऐकलंस तर हे तुझ्यापर्यंत पोचणारच नाही, म्हणून परवा तुझा तो लोंबता इअरफोन बघून मला राहवलं नाही.

महिना झाला की एखाद्या रविवारी घरी ये. १९७२ मध्ये झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. त्यातल्या 'फ्रेंड्स'मध्ये तबला आहे. तो तुला माझ्या स्पीकरवर ऐकवायचाय.

तुझा,
काका