चार लाखांचा देश आणि पेपरचा मालक

प्रश्न : आइसलँडमध्ये वर्तमानपत्र, चॅनेल किंवा न्यूज साइट कोणाच्या मालकीची, हे कायद्यानेच जाहीर करावं लागतं म्हणे. जेमतेम चार लाखांची वस्ती, कोण कोणाचा हे सगळ्यांना ठाऊकच असणार. त्यात घरोघरी इंटरनेट. मग कायदा हवाच कशाला?

उत्तर : 'ठाऊकच असणार' इथेच गोम आहे.

माझं आयुष्य पेपरच्या डेस्कवर गेलं. नवा अंक हाती आला की आधी शेवटच्या पानाच्या तळाची मुद्रक-प्रकाशकाची बारीक ओळ वाचायची, ही खोड अजून गेली नाही. त्या ओळीत नाव मिळतं. पैसा कोणाचा, ते मिळत नाही.

आइसलँडचे लोक एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात. टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेली. २००३ मध्ये तर त्यांची अख्ख्या देशाची वंशावळ नेटवर आली. समोरचा माणूस आपला कितव्या पिढीतला भाऊ लागतो, ते घरबसल्या बघावं! आणि त्याच सुमारास रोज सकाळी दारात फुकट पडणाऱ्या 'फ्रेत्ताब्लादिद'चा धनी कोण, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. पेपर निघाला २००१ मध्ये, वर्षभरात डबघाईला आला, मग नव्या मंडळींनी उचलला. ही मंडळी पडद्याआडच राहिली. २००३ मध्ये उलगडा झाला : पैसा बॉयगुर समूहाचा. गुलाबी डुकराचं चिन्ह मिरवणारी 'बोनस' ही स्वस्त किराणा दुकानं तेव्हा याच समूहाची. म्हणजे जाहिरात देणारा आणि छापणारा, दोघांची तिजोरी एकच.

तेव्हाचे पंतप्रधान दाविद ऑडसन यांचं या समूहाशी हाडवैर. २००४ मध्ये त्यांच्या सरकारने माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालणारा कायदा संसदेत मंजूर करून घेतला. राष्ट्राध्यक्ष ओलाफुर रागनार ग्रिमसन यांनी सही नाकारली. १९४४ पासूनच्या प्रजासत्ताकात असं पहिल्यांदाच घडत होतं. सार्वमत घ्यावं लागणार, हे दिसताच सरकारने कायदाच मागे घेतला. माझ्या मते बरंच झालं. एका समूहावर डोळा ठेवून केलेला कायदा उद्या कोणावरही उलटतो.

तुम्ही वाचलंत तो २०११ चा. मालकीचा तपशील माध्यम आयोगाला द्यायचा, हिस्सा दुसऱ्याकडे गेला की तेही कळवायचं, आणि आयोग ही माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवतो. नेटवरच्या बातम्याही त्यात आल्या. इंटरनेटचा तुमचा मुद्दा इथे उलटा पडतो. फेसबुकवर बातमी सुटी सुटी येते, पेपरचं नाव कोपऱ्यात बारीक. मालकाचं तर नाहीच. तळाची ती ओळही गेली. वाचणारे वाढले म्हणून मालक आपोआप दिसत नाही, त्याला कुठेतरी लिहून ठेवावंच लागतं.

आणि हो, ऑडसन. २००९ मध्ये ते 'मॉर्गुनब्लादिद' या जुन्या दैनिकाचे संपादक झाले. त्याच वर्षी ते दैनिक ज्या मंडळींनी विकत घेतलं, त्यांच्यात मासेमारी उद्योगातला पैसा होता.